दोन इंधनांची सावड

‘हायब्रीड’ हा शब्द मराठवाड्यांतील शेतकऱ्यास नवा नाहीं. सन १९६४ मध्यें सी. एस. एच. १ या नांवाचा ज्वारीचा पहिला संकरित वाण देशांत प्रसृत झाला, आणि त्यानंतरच्या कांहीं वर्षांत तो शब्द आमच्या गांवच्या शिवारांत इतका रुळला कीं, म्हाताऱ्या बाया त्या ज्वारीला ज्वारी न म्हणतां नुसतें ‘हायब्रीड’ म्हणूं लागल्या. आमच्या बालपणीं घरांत दोन कणग्या असत. एक गांवरानची व एक हायब्रीडची. गांवरानची भाकरी गोड, परंतु उतारा थोडा. हायब्रीडचा उतारा मोठा, परंतु भाकरी निबर. पोट मात्र दोन्ही कणग्यांनीं मिळून भरलें. तोच शब्द आज मोटारीच्या मागें लागून पुन्हा आपल्या दारीं आला आहे, आणि त्याविषयीं बाजारांत जेवढें बोललें जातें तेवढें समजून घेतलें जात नाहीं असें दिसून आल्यावरून प्रस्तुत लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

आम्ही कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमची हयात गेली; सात-बारा, फेरफार व आणेवारी यांपलीकडे आमची विद्या नाहीं. परंतु कारकुनास एक खोड असते. ती म्हणजे प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवण्याची. सन २०२४ च्या जूनअखेर आम्ही सेवानिवृत्त झालों, व त्याच वर्षीं दसऱ्यास विजेवर चालणारी एक लहान मोटार घेतली. त्या दिवसापासून तिचें प्रत्येक युनिट व प्रत्येक कि. मी. आमच्या वहींत आहे. त्या वहीच्या आधारेंच पुढील मजकूर लिहीत आहों.

मोटार हौसेखातर घेतली नाहीं. आमच्या वडील बंधूंचीं मूत्रपिंडें निकामी झालीं असून आठवड्यांतून दोन वेळां, मंगळवारीं व शुक्रवारीं, त्यांस हिंगोली शहरांतील एका रुग्णालयांत डायलिसिससाठीं न्यावें लागतें. आमचें गांव सेनगांव तालुक्यांत, हिंगोलीपासून २४ कि. मी. अंतरावर. जाऊन येऊन ४८ कि. मी. होतात. रक्त शुद्ध करणाऱ्या त्या यंत्रावर प्रत्येक खेपेस चार तास निजावें लागतें. बसच्या वेळा व यंत्राच्या वेळा जुळत नाहींत, आणि यंत्रावरून उठलेल्या मनुष्यास बसच्या दांडीस लोंबकळतां येत नाहीं. आमच्याकडे पेट्रोलची एक जुनी मोटार होती; परंतु महिन्याकांठीं पेट्रोलचा आंकडा निवृत्तिवेतनास झेपेना, म्हणून हा नवा मार्ग धरला.

रोजचा व्यवहार

आमच्या मोटारीच्या बॅटरींत सुमारे २४ युनिट वीज मावते. एका युनिटास आमच्या रस्त्यांवर ती ७ कि. मी. चालते; म्हणजे भरल्या पोटीं १६० ते १७० कि. मी. जाहिरातींत याहून मोठा आंकडा असतो. तो खोटा नसला तरी आपल्या खड्ड्यांचा, चैत्र-वैशाखांतील गारवा-यंत्राचा व पांच माणसांच्या वजनाचा नसतो. रुग्णालयाच्या एका फेरीस बॅटरीचा साधारण तिसरा हिस्सा खर्चीं पडतो. रात्रीं १५ अँपिअरच्या साध्या प्लगला मोटार लावली कीं ८-९ तासांत रिकामी बॅटरी भरते. सकाळीं गोठ्यांतील कामें आटोपेपर्यंत ती तयार असते.

मात्र हा प्लग लावण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली अर्थिंग. आपल्या खेड्यांतील बहुतेक घरांत अर्थिंगची तार नांवापुरती असते. मोटारीचें यंत्र तें ओळखतें व वीज घेण्याचें नाकारतें. आम्हांस पहिले तीन दिवस मोटारच बिघडली असें वाटलें. शेवटीं अंगणांत खड्डा करून कोळसा व मीठ घालून नवी अर्थिंग केली तेव्हां ती चालूं लागली. दुसरी गोष्ट तारेची जाडी. घरांतील जुन्या बारीक तारेवरून आठ तास सतत एवढा भार नेणें म्हणजे आगीस निमंत्रण; मीटरापासून मोटारीपर्यंत स्वतंत्र जाड तार व स्वतंत्र कळ पाहिजे. तिसरी दाब. सायंकाळीं सर्व गांवाचे दिवे, पंखे व गिरण्या चालूं असतां दाब उतरतो. रात्रीं दहानंतर प्लग लावल्यास काम सुरळीत होतें.

खर्चाचें म्हणाल तर पेट्रोल आपल्याकडे लिटरास शंभराच्या वर आहे. जुनी मोटार लिटरास १६ कि. मी. जात असे, म्हणजे कि. मी. स साडेसहा रुपये. विजेच्या बाबतींत वाचकांनीं एक मेख लक्षांत ठेवावी. घरगुती विजेचा दर टप्प्यांनीं चढतो. महिन्यास पहिल्या १०० युनिटांचा दर बराच कमी. त्यापुढील टप्प्यास तो जवळजवळ दुप्पट होतो. मोटार लावली कीं घर आपोआप वरच्या टप्प्यांत जातें, म्हणून हिशेब वरच्या दरानेंच करावा. मीटरावर एक युनिट पडलें तर चार्जिंगमधील गळती जाऊन सहाच कि. मी. हातीं लागतात. तरीही कि. मी. स दोन रुपयांच्या आंतच खर्च येतो. पहिल्या वर्षीं आमची मोटार ९ हजार कि. मी. चालली, आणि चालू खर्चांत सुमारे ४० हजार रुपये वांचले. परंतु विजेची मोटार तितक्याच आकाराच्या पेट्रोलच्या मोटारीहून कांहीं लाख रुपयांनीं महाग पडते, हेंही त्याच वहींत लिहिलेलें आहे. ज्याची धांव वर्षाला तीन-चार हजार कि. मी. च आहे त्यानें शेजाऱ्याचें पाहून हा व्यवहार करूं नये. त्याचें मुद्दल निघण्याआधीं बॅटरी म्हातारी होईल.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. सन २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस महाराष्ट्रांत वीज मोफत आहे. विहिरीवर मोफत वीज व घरीं महाग वीज, तेव्हां विहिरीवरच मोटार लावूं असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. कांहीं जण तसें करतातही. कृपा करून हें करूं नये. ज्या कारणासाठीं जोडणी घेतली त्याहून निराळ्या कारणासाठीं ती वापरणें हा सन २००३ च्या विद्युत् कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, व त्याची आकारणी दुप्पट दरानें होते. चाळीस वर्षांचा हिशेब एका पंचनाम्यांत कसा उलटतो तें आम्हीं आमच्या टेबलावर पुष्कळदां पाहिलें आहे.

छपरावरील सूर्य

सन २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें घरांच्या छपरांवर सौर पाट्या बसविण्यासाठीं प्रधानमंत्री सूर्यघर योजना काढली. तींत ३ किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपये अनुदान मिळतें. आम्हींही त्या हिंवाळ्यांत तसा संच बसविला. स्वच्छ उन्हांत तो दिवसास सरासरी १२ युनिटांच्या आसपास वीज देतो. म्हणजे रुग्णालयाची एक फेरी व घरखर्च मिळून भागतो. दिवसा जास्त झालेली वीज मीटरांतून बाहेर जाते व रात्रीं घेतलेल्या विजेंतून वजा होते. आम्हांस वाटलें, आतां आपण इंधनाच्या बाबतींत स्वयंपूर्ण झालों. त्या भरांत सन २०२५ च्या अक्षय्य तृतीयेस जुनी पेट्रोलची मोटार शेजाऱ्यास विकून टाकली. मनुष्य स्वतःस स्वयंपूर्ण समजूं लागला कीं त्याची परीक्षा फार लांब नसते.

मृग लागून चार-पांच दिवस झाले होते. सोमवारीं पाहुण्यांना घेऊन आम्ही औंढा नागनाथ व परततांना नरसी नामदेव येथें दर्शनास गेलों. दिवसभरांत सव्वाशे कि. मी. वर चाल झाली. दिवे लागणीस घरीं आलों तेव्हां बॅटरींत २१ टक्के उरले होते. रात्रीं भरूं म्हणून निर्धास्त बसलों. आठच्या सुमारास असें वादळ सुटलें कीं गोठ्यावरचे पत्रे उडून शेजारच्या वावरांत पडले. वेशीजवळील लिंबाचें झाड तारांवर आडवें झालें, पुढें रस्त्यानें विजेचे खांब ओळीनें वाकले, आणि गांव अंधारांत गेलें. रात्रभर वीज आली नाहीं. मंगळवार उजाडला. तो दादांच्या डायलिसिसचा दिवस.

आभाळ निवळून सात वाजतां लखलखीत ऊन पडलें. आम्ही छपराकडे पाहिलें. पाट्या पावसानें धुऊन आरशासारख्या झाल्या होत्या. परंतु खालीं भिंतीवरील यंत्राचा दिवा बंद! तेव्हां जी गोष्ट संच बसवितांना आम्हांस सांगितली गेली होती व आम्हीं कानाआड केली होती, ती उमगली. सरकारी तारेस जोडलेला सौर संच बाहेरची वीज गेली कीं स्वतःही बंद पडतो. हा दोष नव्हे. ती योजनाच आहे. नाहीं तर आपल्या छपरावरची वीज उलट तारेंत शिरून खांबावर दुरुस्ती करणाऱ्या मनुष्याचा प्राण घेईल. स्वतंत्र बॅटरी व तिला साजेसें यंत्र असल्याशिवाय अंधारांत ह्या पाट्यांचा उपयोग नाहीं. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, “सूर्य वर, पाट्या वर, अन् गाडी उपाशी, हे कसलं हो तुमचं इंजिन?” त्यास उत्तर नव्हतें.

शेजाऱ्याकडे विचारावें तर तो लग्नासाठीं ती जुनी मोटार घेऊन आदल्याच दिवशीं नांदेडकडे गेलेला. बसचा भरंवसा नव्हता, कारण रस्त्यावर झाडें पडलेलीं. दादांचे पाय सुजले होते. पाळी चुकली तर फुप्फुसांत पाणी चढतें हें डॉक्टरांनीं बजावून ठेवलेलें. अखेर आम्हीं वही काढली. २१ टक्के म्हणजे पांच युनिट. पांच सातें पस्तीस कि. मी.; रुग्णालय २४ कि. मी. जाणें जमेल, परत येणें जमणार नाहीं. जायचें ठरलें. वहिनी म्हणाल्या, “आधी जा तर खरं, यायचं मग बघू.” गारवा-यंत्र बंद, कांचा उघड्या, वेग चाळिसाच्या वर नाहीं, अशा रीतीनें निघालों. दोन ठिकाणीं झाडांच्या फांद्या हातांनीं ओढून वाट केली. दादा मागें डोळे मिटून बसले होते आणि आम्ही रस्त्यापेक्षां आंकड्याकडे अधिक पाहत होतों. कयाधूचा पूल दिसला तेव्हां आंकडा नऊवर होता. रुग्णालयाच्या दारांत सात.

शहरांत वीज होती. दादांस यंत्रावर लावून आम्ही जवळच राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरीं मोटार लावली. चार तासांनीं मोटार अर्ध्यावर आली व दादाही यंत्रावरून उठले. परततांना त्यांस हा सर्व हिशेब सांगितला, तेव्हां ते पुष्कळ दिवसांनीं हंसले. म्हणाले, “तुझ्या गाडीचं अन् माझं सारखंच झालं रे. चार तास दोरीला बांधल्याबिगर दोघांचीबी सुटका नाही.” गांवांत वीज बुधवारीं रात्रीं आली.

प्लग-इन हायब्रीड म्हणजे काय

त्या मंगळवारीं वाटेंत आमच्या मनांत एकच विचार घोळत होता. याच मोटारींत एखादें लहान पेट्रोलचें इंजिन असतें तर! अशी मोटार जगांत आहे, व तिलाच प्लग-इन हायब्रीड म्हणतात. तिच्यांत बॅटरी मध्यम असते; सर्वसाधारणपणें पन्नास ते ऐंशी कि. मी. पुरेल एवढी. ती घरच्या प्लगवर भरावयाची. रोजची धांव विजेवर होते. बॅटरी संपली कीं पेट्रोलचें इंजिन काम हातीं घेतें. आपल्याकडे मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर वा इनोव्हा हायक्रॉस या ज्या हायब्रीड मोटारी सन २०२२ पासून विकल्या जात आहेत त्या या जातीच्या नव्हेत. त्यांची बॅटरी अगदीं लहान असून ती ब्रेक दाबतांना वांया जाणाऱ्या शक्तीवर व इंजिनावर भरते. तिला प्लग नाहीं. पेट्रोल कमी लागतें, पण लागतेंच.

कल्पना फार जुनी आहे. विजेच्या मोटारीवर पेट्रोलचें इंजिन चढवून तिची धांव वाढविण्याचा प्रयोग फर्डिनांड पोर्शे यानें व्हिएन्ना येथील लोनर यांच्या कारखान्यांत सन १९०० च्या सुमारास केला. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली हायब्रीड म्हणजे टोयोटाची प्रियस. ती जपानांत सन १९९७ मध्यें निघाली. प्लगवर भरणारी एफ-३-डीएम ही मोटार चीनमधील बीवायडीनें सन २००८ मध्यें, व व्होल्ट ही अमेरिकेंतील शेव्हरोलेनें सन २०१० मध्यें विक्रीस आणली.

महाराष्ट्रानेंही यांत हात घातला होता, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. सन २०१० मध्यें पुण्याच्या केपीआयटी कमिन्स व भारत फोर्ज या दोन कंपन्यांनीं ‘रेव्होलो’ नांवाचा एक संच जाहीर केला. नवी मोटार घ्यावयाची नाहीं. जुन्याच पेट्रोलच्या मोटारीस विजेची मोटर व बॅटरी बसवावयाची, आणि ती बॅटरी घरच्या प्लगवर भरावयाची, अशी ती योजना होती. इंधनांत चाळीस टक्क्यांहून अधिक लाभ होईल असें त्यांचें म्हणणें होतें. ज्या देशांत शेतकरी जुन्या पाभरीला नवा फण बसवून वर्षानुवर्षें चालवितो, त्या देशास साजेशीच ती कल्पना होती. परंतु तो संच सामान्य ग्राहकाच्या हातीं व्यापारी प्रमाणावर आलाच नाहीं. आजवर आपल्या बाजारांत ज्या प्लग-इन मोटारी आल्या त्या बहुतेक परदेशी व श्रीमंती थाटाच्या. एकीच्या किंमतींत आमच्या शिवारांतील कांहीं एकर जमीन येईल. करांचीही तऱ्हा पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या मोटारीस वस्तु व सेवा कर ५ टक्के, लहान हायब्रीडला १८ टक्के, आणि मोठ्या हायब्रीडला ४० टक्के आहे.

शिवाय ही मोटार मिळाली तरी ती आपोआप पुण्य देत नाहीं. युरोपीय आयोगानें सन २०२४ मध्यें सन २०२१ च्या मोटारींची प्रत्यक्ष रस्त्यावरील पाहणी प्रसिद्ध केली. तींत प्लग-इन हायब्रीड मोटारींचें इंधन कागदावरील आंकड्याच्या साडेतीन पट खर्च होत असल्याचें आढळलें. एक मोठें कारण उघड आहे. अनेक मालक प्लग लावण्याचा कंटाळा करतात. मग ती बॅटरीचें निरर्थक ओझें वाहणारी पेट्रोलची मोटार होते. ज्याच्या दारीं नियमित वीज आहे, रोजची धांव पन्नास कि. मी. च्या आंत आहे, आणि जो गुरांना वैरण टाकावी तितक्या नेमानें प्लग लावील, त्याच्याच कामाची ही वस्तु आहे. असा मनुष्य शहरांतील नोकरदारापेक्षां खेड्यांतील शेतकरीच अधिक असणार, हें कारखानदारांस अद्याप सुचलेलें नाहीं. पेट्रोलमध्यें आतां वीस टक्के इथेनॉल असतें, व तें आपल्याच ऊस-मक्याचें. तेव्हां अशा मोटारीचीं दोन्ही इंधनें शेतकऱ्याच्या घरचीं ठरतील. एक छपरावर पिकलेलें व एक वावरांत.

सावड

परंतु बाजारांत नाहीं त्याची वाट पाहत दादांची पाळी थांबत नाहीं. म्हणून आम्हीं जुनाच उपाय केला. ज्याच्या दावणीस एकच बैल असे तो दुसऱ्या एकबैल्याशीं सावड करी, व दोघांचींही औतें वेळेवर चालत. आमच्याजवळ विजेची मोटार आहे. शेजाऱ्याजवळ आमचीच जुनी पेट्रोलची. आतां करार असा आहे. हिंगोलीपर्यंतच्या रोजच्या फेऱ्या, त्याच्या मुलांची शाळा व त्याच्या घरच्या मंडळींचा बाजार धरून, आमच्या मोटारीनें होतात. नांदेड-परभणीसारखी लांबची वाट, किंवा वीज नसलेला दिवस, यासाठीं त्याची मोटार आम्हांस मिळते, पेट्रोल आमचें. कि. मी. ची नोंद दोघांच्या वहींत असते व पाडव्यास ती ताळ्यावर आणतात. गेल्या पाडव्यास त्याच्याकडे आमचे सव्वाशे रुपये निघाले. त्यानें त्याऐवजीं पायलीभर हळकुंडें आणून दिलीं, व तीं आम्हीं वरकड न मोजतां घेतलीं.

दुसरा नेम घरापुरता. रोहिणी लागल्यापासून हस्त सरेपर्यंत बॅटरी साठ टक्क्यांच्या खालीं ठेवून कोणी निजावयाचें नाहीं, आणि मंगळवार-शुक्रवारच्या आदल्या दिवशीं मोटार देवदर्शनासही गांवाबाहेर न्यावयाची नाहीं. हा नेम वहिनींनीं घातला असून तो मोडण्याची आमची छाती नाहीं. आदल्या सायंकाळीं दिवा लावून झाला कीं त्या स्वतः अंगणांत येतात, मोटारीचा आंकडा पाहतात, आणि मगच देवघराचें दार लोटतात.